न बोलणाऱ्या भावास

बपेरा
शुक्रवार, भाऊबीजेचा दुसरा दिवस

न बोलणाऱ्या बाबूलालदादास, तुझ्या बोलक्या बहिणीचा नमस्कार.

काल तू आला नाहीस, म्हणून मी चंद्राला ओवाळलं. तोही तुझ्याच जातीचा निघाला. बीजेची एवढीशी कोर, ताट घेऊन अंगणात येईपर्यंत ढगाआड तोंड लपवून बसली. शेवटी ढगालाच कुंकू दाखवलं आणि आत आले.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. गेल्या वर्षी मंडईच्या जत्रेत तू शपथ घेतलीस की बपेऱ्याच्या माणसांशी एक शब्द बोलणार नाही, तोंडानं नाही आणि कागदावरही नाही. वाचणार नाही असं मात्र तू म्हटलं नव्हतंस. मी नीट ऐकलं होतं, कारण माईक बंद होता आणि तू ओरडत होतास.

तुझा राग मला मान्य आहे. दंडारीचा खेळ रंगात आला होता, तू पेटीवर बसून गात होतास, बाया पदर सावरून पुढे सरकल्या होत्या. आणि मंडईचे अध्यक्ष, म्हणजे आमचे हे, तालुक्याचे कोणी पाहुणे आले म्हणून तुझ्या तोंडासमोरचा माईक उचलून घेऊन गेले. मग सत्काराची शाल सापडेना. ती सापडेपर्यंत तू पेटी मिटून चिंधूच्या गाडीत जाऊन बसला होतास. यांना मी तेव्हाच बोलले, अजूनही अधूनमधून बोलते. पण मला नवरा एकच आहे आणि भाऊही एकच. कोणाला बदलून आणू?

यंदाची मंडई पुढच्या शुक्रवारी आहे, नेहमीच्या जागी, नदीकाठच्या मैदानात. आकाशपाळणा येणार आहे. शिंगाडेवाले येणार आहेत. अध्यक्षांनी स्वतःच्या फोटोची कमान करायला टाकली आहे, फोटो वीस वर्षांपूर्वीचा. ती बघायला तरी ये.

हे पत्र चिंधू देईल. दुपारी त्याची मिनीबस आमच्या फाट्यावरून निघते आणि संध्याकाळी बालाघाटच्या वर, तुझ्या दुकानासमोरच मुक्कामाला थांबते. आमच्यात आणि तुझ्या त्या डोंगरातल्या सासरात आता एवढंच नातं उरलं आहे, आणि त्याचेही ब्रेक धड नाहीत.

तुझी
चंदा


बपेरा
मंगळवार, सकाळ

दादा,

चिंधू म्हणाला, "पत्र वाचलं त्यायनं. वाचलं अन् डोळे पुसले. मी इचारलं का झालं, तं कांद्याच्या पोत्याकडे बोट दाखवलं." चिंधूचं किती खरं मानायचं? याच माणसाच्या गाडीच्या टपावर गेल्या वर्षी वाघ बसून आला होता. पण एवढी गोष्ट मी खरी धरली आहे.

आज मी भांडायला लिहीत नाही. मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे.

समुद्रावरून ते चक्रीवादळ आलं होतं ना, ते विरलं असं टीव्हीवर सांगतात. वारा गेला म्हणून इथे सगळे खूश आहेत. आमच्याकडे दोन शिंतोडे पडले आणि आज तर ऊन आहे. पण तुझ्या डोंगरांच्या बाजूला रविवारपासून जे काळं दिसतंय, ते जागचं हललेलं नाही. मी रोज गच्चीवर जाऊन बघते. वादळ चालतं असलं तर मला भीती नाही, येईल आणि जाईल. हे चालतच नाहीये. आणि तुमच्या डोंगरात पडलेलं पाणी नाल्यानाल्यानं वैनगंगेत उतरतं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या काठाला लागतं, हे तुला सांगायला नको.

काठावर आमचं काय काय आहे ते ऐक. सगळ्या गावाचं कापलेलं धान. भारे बांधून खळ्यावर रचलेत, मळणी मंडईनंतर. शेजारी मंडईचा मंडप. परवा रात्रीपासून दुकानदार तिथे येऊन झोपतील, लेकराबाळांसकट. शुक्रवारी पंचक्रोशीतले लोक येतील.

यांना मी म्हटलं, जरा चौकशी करा. तर म्हणाले, "तिकडे डोंगरात पडतच असते पानी, तुले काहून एवढी काळजी?" चिंधू सांगतो खूप पडून राहिला म्हणून, पण चिंधूचं कोण ऐकतं? तुमच्याकडचा टॉवर बंद पडला आहे, कोणालाच फोन लागत नाही.

तू कधी पावशेराचा शेर करून सांगत नाहीस. एवढंच कळव, किती पडला? शपथ मोडू नकोस, माझ्यासाठी मोडलीस असं नंतर ऐकवशील. काहीतरी युक्ती कर.

सोबत करंज्यांचा डबा पाठवते. भाऊबीजेच्या आहेत. चंद्राने खाल्ल्या नाहीत.

चंदा


बपेरा
बुधवार, दुपार

श्री. बाबूलाल यांस,

डबा मिळाला.

आपल्या घरात कोणाचा डबा कधी रिकामा गेला नाही. काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर टाकायची. साखर नसली तर अंगणातली दोन लिंबं. एकदा शेजारच्या राधाबाईच्या डब्यात तिने एकच कांदा टाकून पाठवला होता, तो घेऊन मीच गेले होते आणि लाज वाटली होती. पण कांदा होता!

आज चिंधूने डबा हातात दिला तेव्हा वजन लागलं. मी खूश. म्हटलं मोहाच्या फुलांचे लाडू असतील, वहिनीने केले असतील. ओसरीवर मंडईच्या मंडळाचे चार लोक बसले होते, त्यांच्यासमोर मी मिरवत झाकण काढलं. पाणी! काठोकाठ, नुसतं पाणी!

आमचे अध्यक्ष काय म्हणाले ठाऊक आहे? "तुझ्या भावानं डबा धुतला, पन पुसायले इसरला." सगळे हसले. मी पण हसले, आणि आत येऊन रडले.

मी विचारलं काय आणि तू पाठवलंस काय. इथे गावाचं धान काठावर पडलंय, मी हात जोडून एक गोष्ट विचारली, आणि तुला माझी थट्टा सुचली. शपथ घेतलीस ती पाळ. आता मी पण घेते. ना बोलणार, ना लिहिणार. पुढच्या भाऊबीजेला चंद्र आहेच.

चिंधूची गाडी निघायची वेळ झाली म्हणून थांबते, नाहीतर अजून पुष्कळ लिहायचं होतं.

चंद्रकांता


बपेरा
बुधवार, दिवेलागण

दादा, दादा रे,

दुपारचं पत्र वाचू नकोस. फाडून चुलीत घाल. पण हे सांगायला आता ना चिंधू आहे ना फोन. तो एव्हाना तुझ्या दारात पोचून माझं ते पत्र तुझ्या हातात देत असेल. माझे हात तोडून ठेवावेसे वाटतात.

झालं असं. डबा मी रागाने मोरीजवळ आपटून ठेवला होता. दीपमाला भांडी घासायला बसली. माझी ही सून फार बोलत नाही, आमच्या लेकाने, प्रितमने, निवडून आणली तीच मुळी गप्प बसणारी, घरात बोलणारं एक माणूस पुरे म्हणून. तिने डबा उचलला, फिरवून बघितला आणि म्हणाली, "आई, हा डबा अंगणात ठेवला होता मामाजींनी."

मी म्हटलं, "तुले का माहीत?"

"बाहेरून पाहा ना."

डब्याला खालून चार बोटांपर्यंत लाल मुरमाचे शिंतोडे. उघड्या अंगणात मुसळधार पडत असताना भांडं ठेवलं की उडतात, तसे. पाण्यात सागाच्या पानाचा तुकडा. आणि झाकण मात्र बाहेरून स्वच्छ, त्यावर एक शिंतोडा नाही. म्हणजे डबा झाकण काढून बाहेर ठेवला, झाकण घरात ठेवलं आणि सकाळी लावून पाठवला.

मी विचारलं होतं किती पडला, आणि तू मोजून पाठवलास. वीतभर उंच डबा, एका रात्रीत काठोकाठ. शब्द एक नाही. आणि मला बाईला डबा कशानं भरून आला एवढंच दिसलं!

डबा घेऊन मी ओसरीवर गेले. मंडळाचे लोक अजून तिथेच, पाळण्याची जागा कुठे यावर वाद चाललेला. डबा मधोमध ठेवला.

हे म्हणाले, "पुन्हा डबा?"

"हा पाऊस हाये," मी म्हटलं. "काल रातचा. बाबूलालदादाच्या अंगनातला. चिंधू सांजेले पोचला अन् पहाटे निघाला, तेवढ्यात भरला."

मंडपाचं काम बघणारा धर्मेंद्र म्हणाला, "पन काकू, टीव्हीवर तं वादळ संपलं म्हनून राहिले."

"वारा संपला. पानी कुठी संपलं? चालतं असतं तं आतापर्यंत जबलपूरले गेलं असतं. हे डोंगरात येऊन बसलं हाये पाहुन्यावानी, उठाचं नाव घेत नाही."

"डबाभर पान्यासाठी मंडई हलवू का?" हे म्हणाले. "लोकं हासतीन मले."

"हासू द्या. हासनारे लोकं जित्ते तं राहतीन!"

माझा आवाज चढला होता, मला ठाऊक आहे. यांनी डबा जवळ ओढला, शिंतोड्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "चिंधूनं सांगतलं असतं तं मी अर्धं सोडून देलं असतं. बाबूलाल वाढवून सांगनारा मानूस नाही." आणि उठून चपला घालताना धर्मेंद्रला म्हणाले, "शाळेच्या मैदानावर घे सगळं. टेकाडावर. पह्यले धान, मंग मंडप."

मी या माणसाशी लग्न केलं त्याचं आज जरा बरं वाटलं. त्यांना सांगू नकोस. तू सांगणार तरी कसा म्हणा.

आता बाहेर ट्रॅक्टर लागलेत. मी कंबर बांधून निघते आहे. पण जीव सगळा त्या दुपारच्या पत्रात अडकला आहे. दादा, ते वाचू नकोस रे.

तुझी
चंदा


बपेरा, स्वयंपाकघर
शुक्रवार

ओसरीवर बसलेल्या बाबूलालदादास,

तुझ्यात आणि माझ्यात आता एक दार आहे, तेही उघडंच. तरी लिहिते. तू बोलत नाहीस आणि मी समोर आले की मला रडू येतं, मग दोघांचं काहीच होत नाही. पत्र दीपमाला आणून देईल. सोबत बुधवारी संध्याकाळी लिहून पाठवायचं राहिलेलंही आहे, ते आधी वाच. भजी गरम आहेत तोवर खा.

काल सकाळी चिंधूची गाडी फाट्यावर थांबली आणि तू उतरलास तेव्हा मी डोक्यावर भारा घेऊन उभी होते. तू ओलाचिंब, खिशात माझं ते दळभद्री पत्र, त्याची शाई तुझ्या सदऱ्यावर उतरलेली. तू धावत आलास. आधी हातांनी डबा दाखवलास, मग आभाळ, मग जमिनीपासून वीत, मग नदीकडे बोट. पुन्हा डबा, पुन्हा वीत. तुझे डोळे असे झाले होते की मला वाटलं आता ओरडतोस. तोंड मात्र घट्ट मिटलेलं! रस्त्यावरची पोरं म्हणाली, मंडईचा नकलाकार आला.

दीपमालाच शेवटी म्हणाली, "मामाजी, समजलं आमाले. धान हलवूनच राहिलो."

तू तिच्याकडे बघितलंस, माझ्या डोक्यावरच्या भाऱ्याकडे बघितलंस आणि तिथेच रस्त्याच्या कडेला मटकन बसलास. मी भारा टाकला. मी हसत होते की रडत होते मला सांगता येणार नाही. आपली बहीण आपल्याला चुकीचं समजली एवढ्यासाठी माणूस भर पावसात घाट उतरून येतो का रे? असा भाऊ असताना मी चंद्राला ओवाळायला गेले होते.

मग तू दिवसभर भारे वाहिलेस, चिंधूही परत न जाता गाडीच्या टपावरून वाहत राहिला. ऊन असं लखलखीत पडलं होतं की दुकानदार आम्हाला वेड्यात काढत होते. पाळणेवाला तर म्हणाला, या गावाला ऊनच सहन होत नाही. त्यालाही तूच हाताला धरून ओढत टेकाडावर नेलंस.

आज सकाळी मी तांदूळ निवडत होते आणि बाहेर एकदम शांत झालं. जाऊन बघते तर गाव सगळं टेकाडावर उभं. आभाळ निळं, एक ढग नाही, आणि नदी मैदानात आलेली. आवाज न करता, तांबडी, फेस घेऊन. खळं गेलं. मंडपाची जागा गेली. बांबू पुरले होते तिथे फक्त चार टोकं दिसत होती. पलीकडे जायचा पूल पाण्याखाली. पाळणेवाला माझ्याजवळ उभा होता, त्याची बायको लेकराला पोटाशी धरून. तो यांच्या पाया पडला. यांनी त्याला उठवून तुझ्याकडे वळवलं.

माणूस एक गेलं नाही. लीलाबाईचे थोडे भारे राहिले होते तेवढे वाहिले, गाव तिला भरून देणार आहे. आणि कमान! घाईत कमान उतरवायची राहून गेली. "सर्वांचे स्वागत, अध्यक्ष हेमराज" असं हसतमुख फोटोसकट सगळ्यांच्या देखत भंडाऱ्याच्या दिशेने निघून गेली. तू हसताना तोंडावर पंचा धरलास. हेही हसले. म्हणाले, "जाऊ दे, तिकडल्याही लोकायचं स्वागत होईन."

काल रात्री तुला ओवाळलं. भाऊबीज होऊन गेली होती तर गेली. तू ताटात चारोळीची पुरचुंडी टाकलीस, वहिनीने दिलेली. मी तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहिले. आता बोलशील, आता बोलशील. तू डोक्यावर हात ठेवलास आणि जेवायला बसलास.

भजी संपली असतील तर रिकामी ताटली आत पाठव. रिकामी चालेल.

चंदा


बपेरा, स्वयंपाकघर
रविवार, सकाळ

दादा,

पाणी उतरलं. धर्मेंद्र सांगून गेला की पूल उद्या सुरू होईल आणि चिंधूने आत्तापासून गाडी पुसायला घेतली आहे. म्हणजे उद्या तू जाशील.

म्हणून आजच लिहिते. शुक्रवारची पुरात राहिलेली मंडई काल शाळेच्या मैदानावर झाली, ती आजवरची सगळ्यात अडचणीची आणि सगळ्यात छान मंडई होती. पाळणा व्हॉलीबॉलच्या खांबाला घासत होता. शिंगाडे तिसरीच्या वर्गात विकले. आणि यांनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. माईक स्वतः उचलून तुझ्या पेटीपुढे ठेवला आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "बाबूलाल, मांगच्या साली म्या चुकलो. तू यंदा बोलला नाही, तरी तुयाच सांगन्यावर हे गाव उभं हाये." माणूस चांगला आहे रे. त्याला फक्त वर्षभर वेळ द्यावा लागतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू पेटी ओढलीस. वाजवलंस किती गोड! पहिलं गाणं, दुसरं गाणं. मी पुढच्या रांगेत बसून वाट बघत होते. तुझी मान हलत होती, ओठ मिटलेले. घरी येताना हे म्हणाले, माझ्यावरचा राग अजून गेला नाही वाटतं. मला तसं वाटत नाही. मला वाटतं तुझा राग केव्हाच गेला आणि आता तुलाच कळत नाही की बंद केलेलं तोंड उघडायचं कुठून. पहिला शब्द कोणता काढावा, कोणासमोर काढावा, लोक काय म्हणतील.

दादा, पहिला शब्द कसलाही चालेल. भाजीत मीठ जास्त झालं म्हण. मला वेडी म्हण. लहानपणी म्हणायचास तसं काहीही म्हण. आई गेली तेव्हापासून मला या जगात नावाने हाक मारणारा तू एकटा. बाकी सगळ्यांची मी काकू, आई, अध्यक्षीणबाई. पुराचं पाणी बघून मी घाबरले नाही, पण उद्या तू असाच मुका गाडीत बसलास तर मी काय करू हे मला समजत नाही. डोंगरातून मला पाऊस पाठवतोस, दोन पावलांवरून एक हाक नाही पाठवत?

हे वाचून रागावू नकोस. आणि वाचून झाल्यावर कांद्याच्या पोत्याकडे बोट दाखवू नकोस, आमच्या ओसरीवर पोतं नाही. मी अजून एक सांगणार होते, वहिनीसाठी जे लुगडं घेऊन ठेवलंय ते

थांब.

तू हाक मारलीस. खरंच मारलीस! दीपमालाच्या हातातला तांब्या पडला, म्हणजे तिनेही ऐकलं. आवाज जरा बसला आहे तुझा, पण तोच आहे.

"वो चंदे! सकायपासून का लिहून राहिली? मी इथंच बसलो हावो ना! बाहीर ये अन् तोंडानं सांग!"

आले रे दादा. आले, आले.